काकांच्या कानाशी फोन

प्रिय टोकदार,

हे नाव वाचूनच पत्र फाडायचं असेल तर इथेच फाड, अर्ध्यात नको. अर्ध्यात सोडायची खोड माझी, तुझी नाही. केसांत सदा पेन्सिल खोचलेली आणि जिभेलाही तसंच टोक, म्हणून मी तुला टोकदार म्हणायचो. त्यावर तू म्हणायचीस, टोचतं तर जवळ कशाला येतोस? असो. अक्षर माझंच आहे. जरा वाकडं दिसेल, कारण सिमेंटने बोटांची सालं निघाली आहेत आणि पेन नीट धरवत नाही. थापी मात्र झकास धरतो. आई म्हणते, पोराने कॉलेज सोडलं आणि हाताला वळण लागलं, आता तोंडाला लागलं की सुटलो.

तर मुद्द्याचं. गेले काही आठवडे तू एका कंत्राटदाराला फोन करतेस. घरांची दुरुस्ती करणाऱ्या लहान कंत्राटदारांचा दिवस कसा जातो, हा तुझ्या शेवटच्या वर्षाचा विषय आहे. टाइल्सच्या दुकानातून तू नंबर मिळवलास. पहिल्याच फोनला म्हणालीस, "काका, मी तुमच्या कामात लुडबूड करणार नाही. तुमचे हात रिकामे असतील तेव्हाच बोलू." हे सगळं मला कसं ठाऊक? ते माझे काका आहेत, म्हणजे मावशीचे यजमान. आणि त्यांचे हात कधीच रिकामे नसतात. त्यामुळे तू बोलतेस तेव्हा त्यांच्या कानाशी फोन धरून मी उभा असतो.

यात हेरगिरी नाही, आधी ऐकून घे. फरशी कापायच्या मशीनने काकांचा एक कान अधू झालाय आणि दुसराही त्याच वाटेवर आहे. नीट ऐकू यावं म्हणून कानात घालायची ती बोंडं त्यांनी दोनदा गिलाव्यात पाडली आणि एकदा भिंतीत गाडली. आत्ता कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या भिंतीत एक बोंड बसलंय आणि काका म्हणतात, भिंतीला कान असतात ते हेच. म्हणून स्पीकर लावायचा आणि फोन कानापासून वीतभर लांब धरायचा. धरणारा मी. पहिल्यांदा तुझा आवाज आला तेव्हा मी समजलो, डोक्यात ऊन चढलं असेल. मग तू नाव सांगितलंस, आणि बोलायच्या आधी तू नाकातून जो छोटासा श्वास सोडतेस तो ऐकू आला. फोन माझ्या हातातून सुटला तो थेट सिमेंटच्या मालाच्या घमेल्यात. काका ओरडले, "अरे, हात आहेत का लोण्याचे गोळे?" तू पलीकडून विचारत होतीस, "काका, काही पडलं का?" काका म्हणाले, "काही नाही पोरी, एक गडी पडला." तू हसलीस. तिथून माझी वाट लागली.

तुला वाटत असेल, काका किती व्यवस्थित मेसेज पाठवतात. "आज अकरानंतर फोन करावा, तोवर गिलावा घट्ट झालेला असेल." "दुपारी नको, माल कालवला की थांबता येत नाही." ते सगळे मेसेज मी लिहिलेत, बाईसाहेब. काकांना फोनवर बोट फिरवता येत नाही. काच पांढरी होते आणि भलत्याच माणसाला फोन लागतो. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "कामाच्या मधली फट बघ आणि पोरीला दे." आमच्या कामाचा दिवस बाहेरून सलग दिसतो, पण आत फटी असतात. गिलावा भिंतीवर चढवला की तो जरा घट्ट होईपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. टाइल्सचं सामान घेऊन येणारा टेम्पो नेहमी उशिरा येतो. घराची मालकीण नळ कुठे हवा यावर स्वतःशीच भांडत असते. असल्या प्रत्येक फटीत मी तुला बसवलं. आठवडाभर मी भिंतीकडे बघून तुझाच हिशोब करायचो. आणि फट मिळाली की बोलायचं कुणी? काकांनी!

आता खरं सांगतो, लपवून काय मिळणार. मला काकांचा इतका राग यायला लागला की त्यांचा चहासुद्धा मी मुद्दाम बिनसाखरेचा आणायला लागलो. हा माणूस घरी जेवताना "वाढ" आणि "पुरे" असे दोनच शब्द बोलतो. मावशी म्हणते, माझं लग्न या माणसाशी नाही, त्याच्या पाठीशी झालंय. आणि तू विचारलंस, "काका, घरच्यांना वेळ कधी देता?" तर उलगडले की एकदम! म्हणे, तरुणपणी मावशीच्या वडिलांच्या घराला गिलावा करायला गेलो, भिंत संपत आली तरी मुलगी बोलेना, म्हणून एका रात्रीत वाळलेला कोपरा पाडून पुन्हा केला, म्हणजे एक दिवस जास्त मिळावा. मावशीला ही गोष्ट आजपर्यंत माहीत नाही! तुला माहीत आहे! तू "हो? हो? मग?" करत होतीस आणि काका भिंतीला टेकून लाजत होते. पन्नाशी उलटलेला माणूस, भुवयांवर सिमेंट, आणि लाजतोय. माझा तिळपापड झाला. इतक्या गोडीने "मग?" तू मला कधी विचारलं होतंस? माझं वाक्य संपायच्या आधीच तुझं उत्तर तयार असायचं. मला वाटलं, फोन खाली ठेवून सांगावं, काका, ही पोरगी माझ्या जागी तुम्हाला ऐकतेय. पण फोन खाली ठेवला असता तर तुझा आवाज गेला असता. म्हणून धरून राहिलो. हात भरून यायचा. दुसऱ्या हातात घ्यायचो, पण ठेवायचो नाही.

मग तो दिवस आला. काका तुला सांगत होते, ओळंब्याची दोरी सोडली की भिंत खोटं बोलू शकत नाही. एवढ्यात तुझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, चहा गार होतोय." पुरुषाचा आवाज. घरातल्यासारखा. अगं म्हणणारा. तू त्याला काही बोलली नाहीस, म्हणजे सवयीचा. काकांना ऐकू आलं नाही, त्यांच्या त्या कानाला फक्त घण ऐकू येतो. मला ऐकू आलं. त्या दिवशी मी एक भिंत फोडली. म्हणजे फोडायचीच होती, पण काकांनी सांगितलेल्या रेषेच्या पुढे गेलो. काका म्हणाले, "एवढी नको रे, खिडकी नाही करायची." मला वाटलं, तो निळी शाईच आहे. तुला आठवतो का विचारायला हवं? वर्गात सगळे काळ्याने रेषा मारायचे आणि हा एकटा निळ्याने, वेगळेपणा म्हणून. सरांनी शेवटच्या मोठ्या कामासाठी जोड्या लावल्या आणि तुला त्याच्याबरोबर बसवलं. मी उभा राहून म्हणालो, मग मी नसलो तरी चालेल. सर म्हणाले, "चालेल." वर्ग हसला. मी डोक्यात राख घालून निघालो.

तुला माहीत नसलेलं फक्त पुढचं. मी गेलो नव्हतो. खाली जिन्याखाली उभा होतो, जिथे मोडकी टेबलं ठेवतात तिथे. तू धावत येशील, निदान जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघशील, असं वाटलं. तास सुटला, सगळे उतरले, तू उतरलीस, निळ्या शाईशी मापांबद्दल बोलत, आणि माझ्या अंगावरून गेलीस. मोडक्या टेबलांत मी काय दिसणार! दुसऱ्या दिवशी मी आलो नाही. तिसऱ्या दिवशी तर अब्रूचाच प्रश्न झाला. तुझा निरोप आला, "पायऱ्या उतरायला कुणी सांगितलं नव्हतं, चढायलाही कुणी सांगणार नाही." टोकदार ती टोकदारच. मग मी तुला इतके फोन केले की तू उचलणंच बंद केलंस. तेही बरोबरच होतं. उचलला असतास तर मी भांडलोच असतो.

तर निळी शाई. त्याचा बंदोबस्त करायचं मी ठरवलं. आपल्या कॉलेजचं वेळापत्रक माझ्या डोक्यात कोरलेलं आहे. कुठल्या वारी कुठल्या तासाला त्याची तुकडी कार्यशाळेत अडकते, कुठल्या दिवशी तू मोकळी असतेस, सगळं पाठ. मी ठरवलं, तुझा फोन नेमका तेव्हाच यायला हवा जेव्हा तो तिकडे लाकूड तासत असेल. बघू मग कोण तुझा चहा गार होऊ देत नाही ते! पण आमची फट त्या वेळेला येईना. कामाची फट काय माझ्या मर्जीने येते? म्हणून मी ती पाडली. सकाळी गड्यांच्या आधी जाऊन माल कालवून ठेवला, गिलावा लवकर चढवायला लावला, आणि काकांना सांगितलं की मालकीणबाईंना दुपारी आवाज नको आहे, डोकं दुखतं त्यांचं. काका बिचारे थांबले. फोन आला. काका बोलायला लागले, आणि मी छाती काढून फोन धरून उभा. तुझ्या मागून आवाज आला, "अगं, पंखा लावू का?"

तोच आवाज! म्हणजे एकतर तो निळी शाई नाही, किंवा वेळापत्रक बदललंय. मला दुसरी शक्यताच खरी वाटली, आणि ती जास्त लागली. मी ज्या कॉलेजात मनातल्या मनात रोज जातो ते आता तिथे नाहीच. तुकड्या बदलल्या, तास बदलले, तुझी दुपार बदलली. मी जुना कागद घेऊन चुकीच्या दारात उभा. आणि वर तेवढ्यात मालकीणबाई आल्या आणि कडाडल्या, "काय हो, काम का बंद? मला डोकेदुखी आहे असं कोण म्हणालं? माझं डोकं तुमचं काम बंद बघून दुखतंय!" तू पलीकडून ऐकलंस ना ते? काका तुला म्हणाले, "पोरी, नंतर बोलू, इथे कुणाचं तरी डोकं फिरलंय." ते कुणाचं, ते तुला आता कळलं.

काकांनी मला ओरडायला हवं होतं. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "घाईने चढवलेला गिलावा उद्या काढ." भिंतीला केसासारख्या चिरा पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती अख्खी भिंत मी एकट्याने खरवडली आणि पुन्हा भरली. हे तुझ्या प्रबंधात लिहिणार असशील तर कारण लिहू नकोस.

पण खरी आग अजून पुढे आहे. काकांची आणि त्या अगंवाल्याची असूया एकवेळ समजू शकते. तू प्रोफेसरची चौकशी करायला लागलीस! काका बोलता बोलता सहज म्हणून गेले होते, "आमच्याकडे एक प्रोफेसर आहे. घमेलं उचलताना माणसाने पाठ कशी ठेवावी याच्यावर भाषण देतो आणि स्वतःची पाठ धरून बसतो." तू खळखळून हसलीस. पुढच्या फोनला तुझा पहिला प्रश्न, "काका, प्रोफेसर कसे आहेत?" तिसऱ्या फोनला, "प्रोफेसरांनी आज काय ज्ञान दिलं?" काका रंगवून सांगायचे. प्रोफेसर भिंतीवर खडूने मापं लिहितो आणि खाली सही करतो. मालकीणबाईंना नळ दाखवायचा तर जमिनीवर अख्ख्या स्वयंपाकघराचा नकाशा काढतो आणि त्यांना त्यात चालवतो, "इथे तुम्ही उभ्या, इथे कढई, आता हात पुढे करा." बाई खरोखर हात पुढे करतात आणि भांडण मिटतं. तू म्हणालीस, "किती छान! असा माणूस आमच्या वर्गात हवा होता." हे तू म्हणालीस. माझ्या हातातल्या फोनमधून. तो प्रोफेसर समोर असता तर मी त्याला त्याच घमेल्यात बुडवला असता. कोण कुठला फुटकळ गडी, आणि तुला त्याचं कौतुक, त्याची सही, त्याचं भाषण. माझ्या वहीतल्या नकाशांना तू कधी छान म्हणाली नव्हतीस. म्हणायचीस, रेषा बरी आहे, जिना कुठे जातोय?

आणि गंमत म्हणजे त्याला बुडवता येत नाही. तो मीच आहे. कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराला साइटवर दुसरं काय म्हणणार, पहिल्या दिवसापासून प्रोफेसर. गड्यांच्या लेखी मला दुसरं नावच नाही. तुझ्या काकांनीही, म्हणजे माझ्या, तुला कधी वेगळं नाव सांगितलं नाही. तुझ्यावर जीव टाकणारा मी, आणि तू मन लावून चौकशी करतेस ती माझीच, पण माझी नाही. स्वतःचीच असूया करायची वेळ याआधी कुणावर आली असेल का गं? रात्री मावशीकडे जेवताना मी घास थांबवून विचार करतो, त्याच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही? तो रागावून जिन्याखाली उभा राहत नाही, हे एक. त्याला काकांनी सांगितलेली भिंत काढावी लागते आणि तो काढतो, हे दुसरं. तिसरं मला सापडलं नाही.

काकांना सगळं कळलं होतं. कधीपासून, विचारू नकोस. परवा तू म्हणालीस, "काका, आता फक्त एक मुलाखत उरली. तुमच्याबरोबर काम करणाऱ्या कुणाशी तरी बोलायचंय. प्रोफेसर बोलतील का माझ्याशी?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात मान हलवली, नाही, नाही, नाही. काका फोनमध्ये म्हणाले, "बोलेल की. त्याला बोलायचंच आहे." फोन ठेवल्यावर मी इतका भडकलो की थापी आपटली. काका शांतपणे ती उचलून देत म्हणाले, "मी कानाने बहिरा आहे, डोळ्याने नाही. एवढे दिवस माझ्या कानापाशी फोन धरतोस, हात भरून आला तरी खाली ठेवत नाहीस. मी एकदा कोपरा पाडला होता, दिवस मिळवायला. तू भिंती पाडायला लागलास. आता पुरे कर, बोल एकदाचा." घरीही हाच शब्द बोलतात, पुरे. पण त्या दिवशी तो पोटभर वाटला.

म्हणून हे पत्र. येत्या गुरुवारी तू प्रोफेसरला फोन करणार आहेस. वेळ मीच कळवली आहे, आणि या वेळेला कुठलंही वेळापत्रक बघून नाही. गुरुवारी आम्ही मालकीणबाईंच्या न्हाणीघराच्या फरशीवर पाणी भरून ठेवणार आहोत आणि खालच्या घरात जाऊन छताकडे बघत बसणार आहोत, कुठे ओल उतरते का ते. तेवढा वेळ कुणाला काहीच करता येत नाही. आमच्या कामातली सर्वांत मोठी फट तीच. मला तुला फसवून बोलायचं नव्हतं. तू हसत हसत "नमस्कार प्रोफेसर" म्हणावंस आणि मी आवाज बदलून उत्तरं द्यावीत, हे एक दिवसभर मनात आलं होतं, मग स्वतःचीच लाज वाटली. तेव्हा फोन लावताना तुला माहीत असू दे की पलीकडे कोण आहे. लावलास तर मी हात धुऊन बसेन, फोन माझ्याच कानाशी असेल, तू विचारशील तेवढंच सांगेन, आणि वाक्य संपायच्या आधी तू बोललीस तरी भांडणार नाही. नाही लावलास तर काकांना सांगेन की पोरीची मुलाखत झाली, आणि छताकडे बघत बसेन. फक्त एकच विचारायचं होतं, आणि ते प्रोफेसर विचारणार नाही, मी विचारतोय. तो चहावाला कोण आहे? कुणीही असला तरी गुरुवारी त्याला सांगून ठेव, चहा गार होऊ दे.

तुझाच (हा शब्द दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा ठेवला),
जिन्याखालचा